वरची मूठ

मागच्या दिवाळीत परदेशातल्या लेकीचा फोन आला. तिने एका नळीत थुंकी भरून कुठल्याशा प्रयोगशाळेला पाठवली होती आणि महिन्याभराने तिला एक यादी आली होती. अशी थुंकी पाठवणाऱ्या जगभरच्या माणसांपैकी कोण कोण तिच्या रक्ताचे लागतात, त्यांची ती यादी. डीएनए म्हणतात ते मलाही ठाऊक आहे, तीस वर्षं शाळेत शिकवलंय मी. पण लेक मला चौथीच्या पोराला अपूर्णांक समजवावेत तसं समजावत होती. यादीतली बहुतेक नावं फार लांबची होती. एक मात्र त्यातल्या त्यात जवळचं निघालं. तिसऱ्याच देशात राहणारा एक मुलगा, आडनाव लेकीने कधी न ऐकलेलं, आणि त्याने कळवलं होतं की त्याचे आजोबा धुळ्याकडचे. हा आईकडून लागतो की बाबांकडून तेवढं यात कळत नाही, असं सांगून लेकीने विचारलं, "आई, धुळ्याकडे आपलं कोण आहे गं?"

मला हसू आलं. जे हिला एका नळीत कळलं, त्यासाठी हिच्या आजोबांनी उभी नोकरी जळगाव-धुळे रस्ता घासला होता. निवांत सांगते म्हटलं आणि फोन ठेवला. फोनवर मला ते नीट सांगता आलं नसतं, म्हणून लिहायला बसले.

तिचे आजोबा म्हणजे माझे सासरे. आम्ही सगळे त्यांना आबा म्हणायचो. ते एसटीत कंडक्टर होते. चौऱ्याऐंशी साली मी लग्न होऊन जळगावात मेहरूणच्या घरात आले तेव्हा त्यांची चार वर्षांची नोकरी उरली होती. उंच, काटकुळे, आणि भर मे महिन्यातही खाकी शर्टाची गळ्याची गुंडी लावणारे. घरात मोजकं बोलत आणि गाडीत अखंड. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला समोर बसवून विचारलं की तुमच्याकडे श्रावणात कानबाई कशी बसवतात. मला वाटलं, सुनेची परीक्षा चाललीय. माझं माहेर असोद्याचं, शेतकरी घर. आईने शिकवलेलं सगळं मी घडाघडा म्हणून दाखवलं आणि आबा ते एका वहीत लिहून घेत राहिले. शेवटी वही मिटून म्हणाले, "तीनच जुळतात," आणि उठून गेले.

मी रडवेली होऊन सासूबाईंकडे गेले. माझ्यात काय कमी पडलं, असं विचारलं. सासूबाई भाकरी थापता थापता हसल्या. म्हणाल्या, तुझ्यात काही नाही, ते भाऊबंद शोधताहेत. आणि तीनच जुळले ते बरंच झालं. सगळे जुळले असते तर तू याच कुळातली ठरली असतीस आणि लग्न मोडायची वेळ आली असती.

मग त्यांनी मला ती हकीकत सांगितली. आबांचे वडील सात वर्षांचे असताना कापसाच्या बैलगाडीत लपून जळगावला आले होते. त्यांना रेल्वे बघायची होती. वाटेत गाडीवानाच्या ते लक्षात आलं, पण आता परत कोण सोडणार, येताना घेऊन जाऊ, असं म्हणून त्याने पुढे आणलं. जळगावच्या गर्दीत हात सुटला. तीन दिवसांनी एका जिनिंगच्या मुकादमाला ते पोर कापसाच्या ढिगाशी झोपलेलं सापडलं. गाव कोणतं विचारलं तर म्हणे, आमचं गाव. बापाचं नाव काय, तर नाना. गावाला नदी आहे का? आहे. नदीचं नाव? नदी. मुकादम निपुत्रिक होता आणि मनाने मोठा होता. त्याने मुलाला मेहरूणला आपल्या घरी नेलं, वाढवलं आणि शाळेत घालताना स्वतःचं आडनाव लावलं. आमच्या घराला आडनाव मिळालं ते असं उसनं, आणि गाव तर मिळालंच नाही.

यात एवढं जिवाला लावून घेण्यासारखं काय, असं मला पहिला श्रावण येईपर्यंत वाटत होतं. नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे घरोघर कानबाई बसते. नारळाला डोळे, नथ, दागिने चढवून देवी मांडतात, गाणी म्हणतात, आणि सोमवारी वाजतगाजत नदीवर नेतात. तिच्या नैवेद्याला रोट करतात. घरात जितके पुरुष, अगदी पाळण्यातलं पोरसुद्धा धरून, त्या प्रत्येकाच्या नावाने गव्हाच्या ठरलेल्या मुठी मोजायच्या आणि त्याच पिठाचे रोट करायचे. ते खायचे फक्त त्या कुळातल्या माणसांनी. घास बाहेर जाता कामा नये. लग्न होऊन गेलेल्या लेकीलासुद्धा तो चालत नाही. मी माहेरी रोट खाऊन वाढलेली, त्यामुळे रोट नसलेलं घर कसं असतं हे मला ठाऊकच नव्हतं.

त्या रविवारी आमची सगळी आळी नाचत होती. दर्शनाला आम्हाला घरोघर बोलावणं होतं, मान होता, काही कमी नव्हतं. पण रोटाची पानं मांडली की शेजारी दार लोटून घेत. त्यात वाईटपणा नव्हता, नेमच तसा. मग आबा घरी येऊन पायरीवर बसत. माझ्या यजमानांना लहानपणी मित्र सांगायचे, "जाय आते घर, आम्हले रोट खाणा शे," आणि ते आबांच्या शेजारी येऊन बसायचे. त्या वर्षी त्या पायरीवर मीही बसले. मला राग आला होता, आणि नेमका कोणाचा ते कळत नव्हतं.

मुकादमाच्या भाऊबंदांनी त्या पोराला रोटाच्या पंगतीत कधी बसू दिलं नव्हतं. सांभाळलेलं पोर ते, कुळातलं नव्हे. पुढे मोठं झाल्यावर आबांच्या वडिलांनी आपल्या मनाने कानबाई मांडायलाही नकार दिला. आपल्या माणसांच्या हातचा रोट खाल्ल्याशिवाय आपल्या घरी ठाणं मांडायचं नाही, असं म्हणत म्हणत ते गेले. जाताना आबांना सांगून गेले की तू तरी एकदा आपल्या माणसांत बसून खा. आबांच्या आयुष्यात हव्यास म्हणावा असा हा एवढाच होता. पान नाही, तंबाखू नाही, पत्ते नाहीत. मरायच्या आत एकदा त्या पंगतीत बसायचं.

आता आडनाव खोटं, गाव नाही, मग शोधायचं कशावरून? मला आबांचं कौतुक वाटतं ते इथे. त्यांनी वडिलांना खोदून खोदून विचारलं होतं आणि सात वर्षांच्या पोराच्या उंचीवरून जे दिसतं तेवढं सगळं काढून घेतलं होतं. चौरंगावर कानबाईबरोबर रानबाईचाही नारळ असायचा. दोघींची तोंडं नदीकडे. गहू मोजायचे ते घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईने, पुरुषाने हात लावायचा नाही. माणसामागे पाच मुठी आणि वर एक दाणा नाही. मुठीतून सांडलेले दाणे म्हातारी परत कोठीत टाकायची, हे पोराने डोळ्यांनी पाहिलं होतं. पहिला रोट घरातल्या सगळ्यांत लहान पोराच्या हातात. आणि नदीवरून परतताना ओली वाळू आणून कोठीखाली पसरायची. त्या वाळूत हात घातला म्हणून त्याने मार खाल्ला होता, ते तो म्हातारपणीही विसरला नव्हता.

या झाल्या सहा खुणा. गावागावाची, घराघराची चाल निराळी असते. कोणाकडे सात मुठी, कोणाकडे एकच नारळ, कोणाकडे पहिला रोट थोरल्याला. आबांचा हिशेब सरळ होता. ज्या घरी सहाच्या सहा खुणा जुळतील ते आपलं घर.

आणि त्यांना रोज नवी माणसं भेटत होती. तिकीट फाडून झालं की ते सीटच्या दांड्याला टेकून विचारायचे, कोणतं गाव, कानबाई बसते का, मुठी किती. जुन्या वेबिलांचे, म्हणजे तिकिटांच्या हिशेबाचे, पाठकोरे कागद दाभणाने शिवून त्यांनी वही केली होती, ती तिकिटांच्या ट्रेखाली असायची. पारोळ्याला गाडी थांबली की चहाऐवजी वही भरायचे. नेहमीचे प्रवासी त्यांची थट्टा करत, हा कंडक्टर तिकिटं फाडायला आहे की सोयरिकी जमवायला. आबा हसायचेही नाहीत. पुढच्या सीटकडे सरकायचे. वहीत एकेका घरासमोर खुणा केलेल्या असायच्या, सहापैकी दोन, सहापैकी चार. लेकीची ती यादी मी ऐकली तेव्हा मला हीच वही आठवली. तीतही असेच लांबचे आणि जवळचे होते.

एकदा ते फसले. माझ्या लग्नाच्या बऱ्याच आधीची गोष्ट. रावेरकडच्या एका घराच्या पाच खुणा जुळल्या. सहावीची त्या प्रवाशाला खात्री नव्हती, पण आबांना धीर निघेना. रजा टाकून, नारळ आणि घरच्या बाईसाठी लुगडं घेऊन ते गेले. केळीचं मोठं बागायती घर. चहा आला, पाठोपाठ शेवचिवडा आला. आबा म्हणाले, मी बहुतेक तुमचा चुलत भाऊ. त्यासरशी घरातली सगळी माणसं ओसरीवर गोळा झाली आणि थोरल्याने विचारलं, जमिनीचे काही कागद आहेत का तुमच्याकडे. आबांना आधी कळेचना. कळलं तेव्हा त्यांनी लुगडं तिथेच ठेवलं आणि चालत स्टँड गाठला. त्यानंतर त्यांनी कानाला खडा लावला. पाच जुळून भागत नाही. एक खूण चुकली की घर चुकलं. तसं घर वहीत सापडलं की ते त्यावर आडवी रेघ मारायचे आणि पुन्हा त्या पानाकडे बघायचे नाहीत.

अठ्ठ्याऐंशीला ते निवृत्त झाले. गाडी सुटली, माणसं सुटली. मेहरूणच्या तळ्यावर फिरून यायचे आणि वही चाळत बसायचे. त्यांची नजर अधू झाली होती आणि वेबिलांचा कागद पिवळा पडून कोपऱ्यांत तुटत होता. मी एका उन्हाळ्याच्या सुट्टीत म्हटलं, आबा, मी सगळं रजिस्टरमध्ये उतरवून देते. खरं सांगायचं तर मला ती वही म्हणजे म्हाताऱ्याचा छंद वाटायची आणि थोडी दयाही यायची. उतरवायला बसले आणि आठवड्याभरात माझी खोड मोडली. दोनशेच्या वर घरं होती. कोणाचा शब्द पक्का, कोणाचा ऐकीव, सांगणारा धनी की गडी, सगळी नोंद. बीएडला आम्हाला संशोधन शिकवायला चार प्राध्यापक होते, त्यांतल्या एकालाही एवढी शिस्त नव्हती.

उतरवता उतरवता ते पान लागलं. पांझरेकाठचं एक गाव, धुळ्याहून पुढे. सांगणारा त्या घरचा कर्ता पुरुष. दोन नारळ, नदीकडे तोंड, म्हातारी मोजते, पहिला रोट लहान्याला, कोठीखाली वाळू. पाच खुणा जुळल्या होत्या. मुठींपुढे लिहिलं होतं, माणसामागे पाच, शेवटी एक वरची. आणि त्या सगळ्यावर आडवी रेघ.

मी पान घेऊन त्यांच्याकडे गेले. वरची म्हणजे काय, असं विचारलं. सगळ्या पुरुषांच्या मुठी मोजून झाल्यावर ते लोक आणखी एक मूठ टाकतात, आबा म्हणाले. कोणासाठी? ते त्या माणसाला ठाऊक नव्हतं, चाल आहे म्हणाला. मी म्हटलं, आबा, हे बाकी सगळं नेमकं जुळतंय. ते म्हणाले, "माझ्या बापाने सांगितलंय, वर एक दाणा नाही." मी म्हटलं, घरात गहू मोजते बाई आणि तुम्ही तीस वर्षं विचारलंत ते बाप्यांना. यावर आबा वर्तमानपत्र उघडून बसले. ते वर्तमानपत्र उलटं होतं.

मी त्यांना न सांगता त्या पत्त्यावर कार्ड टाकलं. वाकड्या वाटेने गेले नाही, सरळ लिहिलं. आम्ही जळगावचे, जमीनजुमल्याशी आमचं काही देणंघेणं नाही. तुमच्या घरी रोटाच्या गव्हात वरची मूठ टाकतात, ती कोणासाठी, एवढंच तुमच्या घरच्या म्हाताऱ्या बाईला विचारून कळवा. जून गेला, जुलै गेला. श्रावण लागता लागता उत्तर आलं. एखाद्या शाळकरी मुलीचं गोल गोल अक्षर होतं. आजी म्हणते ते कार्डावर सांगायचं नसतं, गहू मोजताना सांगते, कानबाईला या.

आबांना हे सांगितलं तेव्हा ते संतापले. म्हणाले, पुन्हा माझ्या हातात नारळ देऊन मला कोणाच्या ओसरीवर बसवणार तू? दोन दिवस माझ्या हातचा चहा त्यांनी घेतला नाही. मीही हट्टी, तिसऱ्या दिवशी पिशवी भरली आणि म्हटलं, मी एकटी जाते. शनिवारी सकाळी सहाला ते धुतलेला सदरा घालून दारात उभे होते. गळ्याची गुंडी लावलेली.

धुळ्याला उतरून आम्ही दुसरी गाडी घेतली आणि दुपारी त्या गावी पोचलो. नदीकडे उतरत जाणाऱ्या गल्लीच्या टोकाला घर. मातीच्या भिंती, पुढे नवं पत्र्याचं छप्पर, दारात ट्रॅक्टरची ट्रॉली. माणसं मोकळी वाटली. पोरीने पत्र वाचून दाखवलं होतं म्हणून ओळख सांगावी लागली नाही. आजी म्हणजे त्यांची अक्का, ऐंशी पार केलेली, कमरेत वाकलेली, पण डोळे लखलखीत. तिने आमची चौकशी केली नाही. हातपाय धुवा म्हणाली आणि आम्हाला मधल्या घरात बसवलं. तिचं मोजणं आमच्यासाठीच थांबलं होतं.

कोठीपुढे सुपात गहू होते. घरातल्या सुना भोवती बसल्या. अक्काने एकेका पुरुषाचं नातं उच्चारत पाच पाच मुठी परातीत टाकायला सुरुवात केली. थोरला मुलगा, मधला, नातू, पणतू, पाळण्यातलं. सांडलेले दाणे ती बोटाने गोळा करून कोठीत परत टाकत होती. तेवढं बघून आबा पुढे सरकून बसले. सगळे संपले. मग तिने आणखी एक मूठ भरली, क्षणभर छातीशी धरली आणि टाकली.

आबांनी विचारलं, "अक्का, ही कोणाची?"

"भाचानी," अक्का म्हणाली. "आंडेरना पोऱ्या. कापसाना गाडीवर बशीन गया, तो उनाच नही."

आंडेर म्हणजे लेक, आणि उनाच नही म्हणजे आलाच नाही. मग तिने सगळं सांगितलं, हात गव्हातच ठेवून. तिच्या आजेसासूची लेक विधवा होऊन तान्हं मूल घेऊन माहेरी आली होती आणि पुढे साथीत तीही गेली. पोर आजोळीच वाढलं. घरची पोरं कर्त्याला नाना म्हणत, तेही आपल्या मामाला नानाच म्हणायचं. ते हरवलं तेव्हा मामा दोनदा जळगावला चालत जाऊन शोधून आला. त्या वर्षी रोटाचे गहू मोजताना आजेसासूने त्याच्या नावाने मुठी टाकायला घेतल्या, तर भाऊबंद उठून उभे राहिले. भाचा दुसऱ्या कुळाचा, त्याची मूठ रोटात कशी? म्हातारी म्हणाली, मग पाच नको, एक टाकते, पण टाकते. पाच आपल्या माणसाच्या, एक त्याची. मरेपर्यंत टाकत राहिली आणि मरताना नातसुनेच्या, म्हणजे या अक्काच्या हातात हे काम देऊन गेली. पुढे बाप्ये विसरले. त्यांच्या लेखी ती घरची चाल झाली.

मी हिशेब केला. अक्का दहा वर्षांची असताना त्या घरात सून म्हणून आली होती. हरवलेल्या पोराला तिने कधी पाहिलं नव्हतं. त्याच्याशी तिचं रक्ताचं काही नातं नव्हतं. तरी त्याच्या नावाची मूठ तिने एकही वर्ष चुकवली नव्हती. लेकीच्या यादीत कितीही नावं आली तरी अक्काचं येणार नाही, आणि आमच्यासाठी सगळ्यांत जास्त केलं ते तिने.

आबांनी पिशवीतून जुनी वही काढली, ते रेघ मारलेलं पान उघडून अक्काच्या पुढ्यात ठेवलं. तिला वाचता येत नव्हतं. आबा म्हणाले, "तो माझा बाप."

मी आबांना तोवर कधी रडताना पाहिलं नव्हतं. अक्काने त्यांच्या तोंडावरून गव्हातला हात फिरवला आणि सुनांना म्हणाली, चहा टाका.

पण गोष्ट इथे संपली नाही, कारण आबांना चहा नको होता, रोट हवा होता. आणि आता तर उघडच झालं होतं की आम्ही या घराचे भाऊबंद नव्हे, भाचेकुळातले. आबांनी तीस वर्षं बापाचं घर शोधलं आणि सापडलं ते आजीचं माहेर. बापाच्या बापाचं गाव तापीपलीकडे कुठेतरी, यापलीकडे अक्कालाही माहीत नव्हतं. रविवारी संध्याकाळी देवी बसली. दोन नारळ, तोंडं नदीकडे. गाणी झाली, आरती झाली आणि रोटाची पानं मांडली गेली. गावातले भाऊबंद येऊन बसले. त्यांच्यातल्या एका वयस्क गृहस्थांनी फार अदबीने सांगितलं की पाहुण्यांची पानं ओसरीवर मांडा, पुरणपोळी वेगळी केलेली आहे.

त्यांचं काही चुकत नव्हतं. आबाच आधी उठले. म्हणाले, नेम मलाही ठाऊक आहे, आणि दाराकडे वळले. मला ती मेहरूणची पायरी आठवली आणि वाटलं, मीच यांना इथवर आणलं, पुन्हा दाराबाहेर बसवायला.

अक्का देवीजवळ बसली होती. तिने आवाज चढवला नाही. "या बठ्ठा पिठमा याना बापनी मूठ शे," ती म्हणाली. "इतला साल आपन त्याना वाटाना रोट खादा. आते याले खाऊ द्या."

त्या वयस्क गृहस्थांनी आपलं पान सरकवलं आणि शेजारी जागा केली. आबा बसले. नेमाप्रमाणे पहिला रोट घरातल्या लहान्याच्या हातात गेला. दोन वर्षांचं पोर ते, त्याने एक कड चावली आणि उरलेला रोट जवळच्या माणसापुढे धरला. जवळ आबा होते. त्यांनी तो घेतला आणि डोळे मिटून खाल्ला. बासष्टाव्या वर्षी त्यांनी पहिला रोट खाल्ला तो असा, पोराच्या लाळेने ओला. ओसरीच्या दारातून मी ते पाहिलं. मला स्वतःला त्या दिवशी पुरणपोळीच मिळाली आणि मी ती पोटभर खाल्ली.

सोमवारी निघताना अक्काने एका फडक्याच्या टोकाला मूठभर गहू बांधले आणि माझ्या हातात दिले. आबांच्या नव्हे, कारण बाप्यांनी हात लावायचा नाही. म्हणाली, इतकी वर्षं मी मोजली, आता त्याचं माणूस सापडलं, यापुढे तुम्ही आपल्या घरी मोजा. पुढच्या श्रावणात मेहरूणच्या घरी आम्ही पहिल्यांदा कानबाई मांडली. अक्काचे गहू त्यात मिसळले. देवीचं तोंड तळ्याकडे केलं, कारण नदी जवळ नाही. सासूबाईंनी गहू मोजले. आळीतल्यांनी रोटाच्या वेळी आपली दारं लोटून घेतली आणि त्या वर्षी आम्हीही आमचं लोटलं. आबांनी ते स्वतःच्या हाताने लोटलं आणि पुन्हा एकदा उघडून नीट लोटलं. त्यांनी वही नंतर कधी उघडली नाही. बापाच्या कुळाचं काय, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, ज्यांनी आपली वाट पाहिली ते आपलं कुळ. ते त्यानंतर चार श्रावण जगले.

सासूबाईंनंतर मोजणं माझ्याकडे आलं. माणसामागे पाच. यजमानांच्या, मुलाच्या, आता नातवाच्या. लेकीच्या नावाने मूठ नसते, तिला कुळात मोजत नाहीत, आणि लग्न होऊन गेलेल्या लेकीला रोट चालतही नाही. नेम मलाही ठाऊक आहे. पण ती विमानात बसून गेली त्या वर्षापासून मी सगळ्यांच्या मोजून झाल्या की शेवटी एक वरची टाकते. घरात अजून कोणी विचारलेलं नाही, ती कोणाची. तिला मात्र हे आज लिहून पाठवते आहे. धुळ्याकडे आपलं कोण, ते तिने विचारलं होतं.